वाव, दोर आणि बोअर : उत्तर गुजरातच्या भूजलाचा ताळेबंद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. ते इतिहास शिकवीत. सनावळी पाठ करून घेण्यावर त्यांचा भर नसे. पण एखादी वास्तू दिसली की तिने काय पाहिले असेल, असे ते आम्हांला विचारीत. १९६४ च्या डिसेंबरात त्यांनी आम्हां वीस-बावीस मुलांना सायकलींवरून सेवासीच्या वावेवर नेले. मराठीत जिला आपण बारव म्हणतो, तिलाच गुजरातीत वाव म्हणतात. कोरीव काम पाहून झाल्यावर गुरुजींनी आम्हांला एकच काम सांगितले : पाण्यापर्यंतच्या कोरड्या पायऱ्या मोजून वहीत लिहा. आम्ही मोजल्या. पुढे एप्रिलात परीक्षा आटोपल्यावर ते आम्हांला पुन्हा तेथेच घेऊन गेले आणि पुन्हा पायऱ्या मोजावयास लावल्या. आकडा वाढला होता. त्यावर ते म्हणाले की, डिसेंबर ते एप्रिल गावाने जमिनीतून किती पाणी काढले, त्याची ही नोंद आहे. आणि ती वाचावयास अक्षर येण्याचीही गरज नाही.

त्या वयात या बोलण्याचे मर्म ध्यानी आले नाही. आज साठ वर्षांनंतर उत्तर गुजरातच्या पाण्याचा इतिहास वाचताना ते पदोपदी आठवते. पाणी साठविणे ही एक कला आहे. परंतु साठ्याचा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवणे ही त्याहून अवघड गोष्ट आहे. पूर्वीच्या महाराजा गायकवाडांच्या राज्यात या दोन्ही गोष्टींचे धडे मिळतात. ते धडे आणि पुढील काळात पडलेला त्यांचा विसर, हा आजचा माझा विषय आहे.

१. पाटणची भूमी

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला पाटण हे नाव पटोळ्यांमुळे ठाऊक असते. परंतु आपला त्या नगराशी याहून जवळचा संबंध आहे. १७६६ च्या सुमारास दमाजीराव गायकवाड यांनी पाटण जिंकून आपली गादी सोनगडहून तेथे हलविली आणि १७६८ साली पाटण येथेच त्यांचे देहावसान झाले. राजधानी वडोदऱ्यास आली ती त्यानंतर. पुढे पाटण, सिद्धपूर, वडनगर, विसनगर, विजापूर, खेराळू हा सारा मुलूख बडोदा संस्थानाचा कडी प्रांत म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रांताचे मुख्य ठाणे आधी कडीस होते, नंतर ते महेसाण्यास गेले. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा या प्रांताचा महेसाणा जिल्हा झाला. २००० साली त्यातून पाटण हा वेगळा जिल्हा निघाला.

या मुलखात पाऊस थोडा, सरासरीने सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि पश्चिमेस रणाकडे जावे तसा आणखी कमी. तोही मोजक्या दिवसांत पडून जातो. सरस्वती, रूपेण या नद्या पावसाळ्यापुरत्या वाहतात आणि पुढे कच्छच्या लहान रणात लुप्त होतात. वरून पाहणाऱ्यास ही भूमी दरिद्री वाटावी. पण तिचे खरे धन खाली आहे. अरवलीच्या डोंगरांतून नद्यांनी हजारो वर्षे आणलेली वाळू आणि चिकणमाती येथे थरावर थर बसली आहे. वाळूच्या थरात पाणी राहते. चिकणमातीचा थर त्यावर झाकणासारखा बसतो. सर्वांत वरच्या थरात दरवर्षीच्या पावसाचे पाणी मुरते. खालच्या थरांना मात्र पाणी मिळते ते मुख्यतः पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी हे थर उघडे पडतात तेथून, आणि तेथून पश्चिमेस सरकत येण्यास त्याला अतिशय दीर्घ काळ लागतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी या प्रदेशातील खोल पाण्याचे वय तपासले, तेव्हा ते काही ठिकाणी हजारो वर्षांचे निघाले. म्हणजे वरचा थर हे आपले वार्षिक उत्पन्न आहे आणि खालचे थर ही पूर्वजांची ठेव आहे. हा भेद पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावा.

या भूमीत सोळंकी राजांनी दोन प्रकारची पाण्याची बांधकामे केली. सिद्धराज जयसिंहाने, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पाटणला सहस्रलिंग तलाव बांधला. सरस्वतीचे पाणी कालव्याने आणून, आधी एका कुंडात गाळ बसवून, मग ते तलावात सोडण्याची त्याची योजना होती. हे आकाशाच्या पाण्याचे काम. त्याच्या आधी, अकराव्या शतकात, भीमदेव पहिला याची राणी उदयमती हिने बांधलेली राणीनी वाव हे भूमीच्या पाण्याचे काम. सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल अशी ही सात मजल्यांची वास्तू आहे. पुढे सरस्वतीच्या पुरांनी ती गाळाने भरून गेली. १८९० च्या सुमारास बर्जेस आणि कझेन्स हे पुरातत्त्वज्ञ तेथे आले, तेव्हा विहिरीचे तोंड आणि काही खांब एवढेच वर दिसत होते. १९४० च्या दशकात बडोदा संस्थानाच्या काळात तेथे उत्खनन झाले. १९८० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने ती पूर्णपणे मोकळी केली. २०१४ साली ती जागतिक वारसा ठरली.

वावेच्या शिल्पांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे म्हणणे तिच्या पायऱ्यांविषयी आहे. साध्या विहिरीत पाणी किती खाली गेले हे दोर ओढणाऱ्यालाच कळते. वावेत मात्र पाण्याशी जाणारा प्रत्येक माणूस पायऱ्या उतरतो; ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी पाणी भरणारीला दहा पायऱ्या अधिक उतराव्या आणि चढाव्या लागतात. घागर डोक्यावर घेऊन चढलेली प्रत्येक अधिक पायरी तिच्या गुडघ्यांना कळते. साठ्याची स्थिती गावातील कोणापासून लपून राहत नाही. वाव बांधणाऱ्यांनी मुद्दाम हा हेतू मनात धरला होता, असा दावा मी करीत नाही. परिणाम मात्र तोच झाला.

२. आजीचा दोर

माझे आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. १९३० च्या दशकात त्यांची बदली पाटणला झाली आणि आमचे बिऱ्हाड तेथील एका वाड्यात काही वर्षे होते. त्या दिवसांची गोष्ट आजी सांगे. वाड्यातील आडाचा दोर अठ्ठावीस हातांचा होता, म्हणजे तेरा मीटरांच्या आत-बाहेर. फाल्गुन उजाडला की त्याला चार हातांचा तुकडा जोडावा लागे आणि श्रावणात तो सोडून खुंटीला टांगून ठेवीत. एका वर्षी श्रावण आला तरी जोड सुटला नाही. तेव्हा शेजारच्या गुजराती सासूबाई आजीला म्हणाल्या की, यंदा कपडे धुवायला तलावावर जा, आडाचे पाणी पिण्यास ठेवा. कोणी हुकूम काढला नव्हता, कोठे नोटीस लागली नव्हती. एका दोराच्या लांबीवरून चार बिऱ्हाडांनी आपली वागणूक बदलली.

शेतावरही थोड्याफार फरकाने हेच होते. तेथे कोस चाले; आपल्याकडची मोट ती हीच. बैलांची जोडी दिवसभर चालून जेवढे पाणी वर काढी, त्याला एक नैसर्गिक मर्यादा होती. पाणी खाली गेले की बैलांची धाव लांबे, भिजणारे क्षेत्र आपोआप आकसे आणि पुढच्या पावसात विहीर पुन्हा भरे. ही व्यवस्था सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. तिच्यात दुष्काळाला तोंड देण्याचे बळ फार थोडे होते.

त्याचा प्रत्यय १८९९-१९०० साली आला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून गुजरातेत त्याला छप्पनियाचा दुष्काळ म्हणतात. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदा संस्थानची लोकसंख्या २४ लाखांवर होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी झाली. त्यात दुष्काळाबरोबर रोगराईचाही वाटा होता. महाराज सयाजीरावांनी स्वतः दुष्काळी भागाचा दौरा केला आणि त्या दौऱ्यातील त्यांची टिपणे १९०१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दुष्काळी कामे, तगाई, विहिरी खोदण्यास उत्तेजन हे सारे उपाय संस्थानाने केले. पण विहिरीतच पाणी नसेल तर तगाई घेऊन शेतकरी काय करणार, हा प्रश्न उरलाच. ज्या पिढीने छप्पनिया पाहिला, तिच्या नातवांना पुढे बोअरचे पाणी लागले, तेव्हा त्यांनी ते आधाशासारखे का उपसले हे समजून घ्यावयाचे असेल, तर ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांचे भय समजणे अधिक न्याय्य आहे.

३. राजधानीचे पाणी

याच काळात राजधानीने आपल्या पाण्याची व्यवस्था निराळ्या रीतीने लावली. वडोदऱ्यात पूर्वी विहिरी, वावा आणि तलाव यांवर लोक अवलंबून असत. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील नवलखी वाव पंधराव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे १४०५ सालची आहे. परंतु १८९१ साली शहराची वस्ती एक लाख सोळा हजारांवर गेली होती आणि उथळ विहिरींचे पाणी दूषित होऊन पटकीच्या साथी येत. डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांना राज्याधिकार मिळाले आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, जानेवारी १८८५ मध्ये, आजवा येथे तलावाच्या कामाची कोनशिला बसली. जगन्नाथ सदाशिव या अभियंत्याच्या देखरेखीखाली मातीचे धरण उभे राहिले आणि मार्च १८९२ मध्ये सयाजी सरोवराचे पाणी नळांनी शहरात आले. सुमारे वीस किलोमीटरांवरून केवळ उताराच्या बळावर ते येत असे. त्याला इंजिन लागत नव्हते.

शहर पुढे वाढले, आणि २०११ च्या जनगणनेत ते सोळा लाखांच्या पलीकडे गेले. १९६० च्या दशकापासून मही नदीच्या वाळूत मोठ्या विहिरी बांधण्यात आल्या. लोक त्यांना फ्रेंच वेल म्हणतात. फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा ही नावे आपल्या नळाच्या पाण्याशी जोडलेली आहेत. तरीही वडोदरेकराच्या मनातील पाणी म्हणजे आजवाच. पावसाळ्यात वर्तमानपत्र हाती घेतले की आपण आधी आजव्याची पातळी पाहतो : २०९ फूट, २११ फूट, २१२ फूट. विश्वामित्रीला पूर येईल का, पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुरेल का, हे त्या एका आकड्यावरून घराघरांत ठरते. सेवासीच्या पायऱ्यांचे काम येथे तो आकडा करतो.

आता यातील विषमता पाहा. राजधानीच्या पाण्याला धरण होते, दरवाजे होते, पातळी मोजणारी पट्टी होती आणि तिची नोंद ठेवणारा कारकून होता. कडी प्रांताचे पाणी मात्र हजारो स्वतंत्र विहिरींत विभागलेले होते आणि प्रत्येक विहीर तिच्या धन्याची खासगी बाब होती. वस्तुतः प्रांताच्या पोटातील साठा आजव्याच्या कितीतरी पटींनी मोठा होता. परंतु त्याला पट्टीही नव्हती आणि कारकूनही नव्हता.

४. बोअर

स्वातंत्र्यानंतर तेलाची इंजिने आणि पाठोपाठ वीज आली. १९५० च्या दशकापासून महेसाणा जिल्ह्यात खोल कूपनलिका होऊ लागल्या. बोलीभाषेत ट्यूबवेल किंवा बोअर. वरच्या थरातील पाणी आटले तसे लोक दुसऱ्या थरात शिरले, दुसरा उतरला तसे तिसऱ्यात. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९७० च्या दशकात या प्रदेशाच्या भूजलाचा अभ्यास झाला आणि उपसा भरणापेक्षा अधिक असल्याचे तेव्हाच दिसून आले. म्हणजे इशारा मिळाला नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

खोल बोअर एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून महेसाण्याच्या शेतकऱ्यांनी भागीदारीची पद्धत काढली. दहा-वीस किंवा त्याहूनही अधिक शेतकरी हिस्से घेऊन बोअर करतात, हिश्शाप्रमाणे पाण्याच्या पाळ्या लावतात, उरलेले पाणी शेजाऱ्यांस विकतात आणि त्याचा चोख जमाखर्च ठेवतात. वीज, दुरुस्ती, ऑपरेटरचा पगार, पाण्याची वसुली : सारे वहीत असते. सहकाराचा हा नमुना कोणालाही अभिमान वाटावा असा आहे. याच पाण्यावर ऊंझ्याच्या बाजारपेठेत जिरे आणि इसबगोल आले, एरंड आणि मोहरी पिकली. याच पाण्यावर लसूणघास वाढला, आणि त्यावर म्हशी पोसून महेसाण्याने दुधाच्या सहकारात नाव मिळविले. एक पिढी शाळेत गेली, पक्की घरे बांधली गेली. हे सारे खरे आहे आणि ते नाकारून इतिहास लिहिता येणार नाही.

मात्र त्या चोख वहीत एक रकाना नव्हता. जमिनीखाली शिल्लक किती, हे त्यात कोणी लिहीत नव्हते. बोअरची नळी वीतभर रुंदीची असते. तिच्यात डोकावून काही दिसत नाही. बटण दाबले की पाणी येते, आणि येईनासे होईपर्यंत ते येतच राहते. पातळी उतरली तर गुडघे दुखत नाहीत, दोर जोडावा लागत नाही. अधिक अश्वशक्तीचा पंप बसवावा लागतो, एवढेच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरातेत शेतीपंपांची वीज मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठरावीक दराने आकारली जाऊ लागली, तेव्हा तर जास्त तास पंप चालविण्याचा वेगळा खर्चही उरला नाही.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक साधे गणित मांडतो. एक हेक्टर गव्हाला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी द्यावयाची म्हणजे ७५० घनमीटर पाणी लागते. पंपाची एकूण कार्यक्षमता निम्मी धरली, तर हे पाणी १० मीटरांवरून उचलण्यास सुमारे ४० युनिट वीज लागेल. तेच १५० मीटरांवरून उचलावयाचे तर सहाशे युनिटांहून अधिक लागेल. पीक तेच, क्षेत्र तेच, वीज पंधरापट. हा फरक शेतकऱ्याच्या बिलात दिसला नाही, म्हणून तो नाहीसा झाला असे नव्हे. तो वीज मंडळाच्या तोट्यात आणि अखेरीस सर्वांच्या माथी गेला.

१९९० च्या दशकाच्या मध्यास मी आजोबांचा वाडा पाहण्यास पाटणला गेलो होतो. आड होता, पण कोरडा; त्यात कचरा टाकलेला होता. परतताना एका पाटीदार शेतकऱ्याच्या ओसरीवर पाणी प्यावयास थांबलो. त्याच्या भागीदारीतील दोन बोअर एकामागून एक निकामी झाले होते आणि तिसऱ्यासाठी हिश्शाचे पैसे उभे करणे चालले होते. मी विचारले, तिसराही गेला तर? तो शांतपणे म्हणाला की, काका, ज्याच्याकडे चौथ्याचे पैसे असतील तो शेती करील, बाकीचे सुरतला जातील. त्याची धाकटी मुलगी आम्हांला पाणी देऊन हसली, तेव्हा तिच्या दातांवरचे तपकिरी डाग दिसले. खोल थरांतील पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असते आणि ते पिऊन वाढणाऱ्या मुलांच्या दातांवर असे डाग उमटतात. आजीच्या शेजारणी ज्या पाण्याची काळजी वाहत होत्या, त्याच गावची ही मुलगी होती.

दुसऱ्याचे सांगताना स्वतःचे झाकणे बरे नव्हे. १९८५ ते १९८७ ही तीन वर्षे गुजरातेत दुष्काळाची गेली. १९८७ च्या उन्हाळ्यात वडोदऱ्यातील आमच्या सोसायटीने बोअर करण्याचे ठरविले. मी त्या वेळी सोसायटीचा चिटणीस होतो आणि ठरावावर सही माझी आहे. बोअरला पाणी उत्तम लागले. दोन उन्हाळ्यांनंतर कुंपणापलीकडील जुन्या घराची विहीर आटली. तेथील वृद्ध गृहस्थ मजकडे आले आणि तक्रारीचा शब्द न काढता त्यांनी विचारले, तुमचे पाणी किती हातांवर आहे? मला उत्तर देता आले नाही. सोसायटीच्या दप्तरात पंपाची पावती होती, विजेची बिले होती. पाण्याच्या पातळीची एकही नोंद नव्हती. ज्याला गुरुजींनी पायऱ्या मोजावयास शिकविले, त्याने ही नोंद ठेवली नव्हती. त्या विहिरीवर पुढे स्लॅब पडला आणि त्यावर आता मोटारी उभ्या राहतात.

५. कायदा आणि कालवा

या प्रश्नाच्या मुळाशी मालकीची एक कल्पना आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात ग्रथित झालेल्या इंग्रजी विधितत्त्वानुसार आपल्या जमिनीखालील, निश्चित प्रवाह नसलेले पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाला मिळतो. इंग्लंडच्या ओल्या हवेत हे तत्त्व चालून गेले असेल. महेसाण्याच्या वाळूत त्याचा अर्थ असा झाला की, जो अधिक खोल जाईल त्याचे पाणी. गुजरात सरकारने १९७६ साली पाटबंधारे कायद्यात दुरुस्ती करून ४५ मीटरपेक्षा खोल कूपनलिकांना परवाना आवश्यक करण्याची तरतूद केली. परंतु ती अमलात येण्यासच १९८८ साल उजाडले आणि प्रत्यक्ष परिणाम नाममात्र झाला. हजारो शेतांत विखुरलेल्या नळ्यांवर पहारा ठेवणे कोणत्याही कचेरीच्या शक्तीबाहेरचे होते.

दुसरा मार्ग बाहेरून पाणी आणण्याचा. नर्मदेच्या पाण्याचा निवाडा १९७९ साली झाला. सरदार सरोवराची उंची २०१७ साली १३८.६८ मीटरांवर पूर्ण झाली. त्याचा मुख्य कालवा ४५८ किलोमीटर लांब असून तो उत्तर गुजरातेतून राजस्थानच्या सीमेपर्यंत जातो. २००४ नंतर कडाणा धरणापासून बनासकांठ्यापर्यंत सुजलाम् सुफलाम् हा मुद्दाम अस्तर न घातलेला कालवा काढण्यात आला, तो पाणी मुरावे म्हणून. २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेने शेतीची वीजवाहिनी गावाच्या वाहिनीपासून वेगळी केली आणि पंपांना ठरावीक तास वीज देण्याची शिस्त आली. या उपायांनी पिण्याच्या पाण्याचा ताण हलका झाला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

परंतु बाहेरचे पाणी आले म्हणजे घरचा हिशेब आपोआप जुळतो, असे नाही. याबाबत एका दूरदेशीच्या शुष्क प्रदेशाचे उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातही शहरे झपाट्याने वाढली, कापसाची शेती वाढली आणि भूजल खचत गेले. तेथे कोलोराडो नदीचे पाणी ५४१ किलोमीटरच्या कालव्याने आणण्याचे काम १९७३ साली सुरू झाले. तेव्हा केंद्र शासनाने अट घातली की, आधी भूजलाच्या उपशाला आळा घालणारा कायदा करा, तरच कालव्याला पैसा मिळेल. त्या दडपणाखाली १९८० साली कायदा झाला. मोठ्या उपशांना मीटर लागले, वार्षिक उपशाचा अहवाल देणे सक्तीचे झाले, आणि नवी वसाहत उभारणाऱ्याने शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखविली पाहिजे असा नियम झाला. कालव्याचे शिल्लक पाणी जमिनीत मुरवून त्याची जमा लिहून ठेवण्याचीही सोय पुढे झाली. तेथेही सर्व उद्दिष्टे साधली असे नाही. ज्या ग्रामीण भागांना कायद्यातून वगळले, तेथे विहिरी खाली जातच राहिल्या आणि २०२३ साली फिनिक्सच्या परिसरात केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी थांबवावी लागली. तरीही क्रम महत्त्वाचा आहे : तेथे कालव्याच्या आधी वही आली. आपल्याकडे कालवा आला आणि वही मागे राहिली.

ती वही मागाहून का होईना, उघडण्याचा प्रयत्न झाला आहे. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत गुजरातसह सात राज्ये घेण्यात आली. तिच्यात गावाने स्वतःच्या पाण्याचा जमाखर्च मांडावा, निरीक्षण-नळीतील पातळी मोजावी आणि ती सर्वांना कळावी, अशी कल्पना होती. आपल्या जुन्या अमरेली प्रांताचे उदाहरणही येथे आठवते. १९८० च्या दशकातील दुष्काळानंतर सौराष्ट्रातील शेतकऱ्यांनी पावसाचे पाणी विहिरींत वळविण्याची मोठी चळवळ केली. तेथील खडक कठीण आणि साठा उथळ, म्हणून मुरविलेले पाणी त्याच गावात लवकर दिसते व लोकांचा उत्साह टिकतो. महेसाण्याच्या खोल थरांत आज मुरविलेल्या पाण्याचे फळ कोणाच्या पदरात पडेल हे सांगता येत नाही. म्हणूनच तेथे एकट्याच्या उत्साहाने भागत नाही. सर्वांनी मिळून उपसा कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. कमी पाण्याची पिके, ठिबक सिंचन, मोजून दिलेली वीज हे उपाय तज्ज्ञांनी सांगितलेलेच आहेत. इतिहासाच्या शिक्षकाला त्यात भर घालता येईल ती एवढीच की, जो साठा लोकांना दिसतो त्याचीच लोक राखण करतात.

६. समारोप

मित्रहो, सोळंक्यांच्या काळाकडे परत जा, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. वावेच्या पाण्यावर वाढत्या प्रदेशाचे भागणार नाही, आणि त्या पायऱ्या चढणाऱ्या स्त्रियांचे कष्ट पुन्हा कोणाच्या वाट्यास येऊ नयेत. सयाजीरावांनी आजवा बांधला तोही मागे वळून नव्हे, तर पुढच्या पिढ्यांची वस्ती नजरेसमोर ठेवून. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, त्या तलावाचे पाणी आपण पीत आहोत. दीर्घकाळ टिकणारी पाण्याची व्यवस्था कशी असते, याचा हा घरचा दाखला आहे. त्याच राज्याच्या उत्तरेकडील प्रांतात, विलीनीकरणानंतरच्या पन्नास वर्षांत, हजारो वर्षांची ठेव खर्ची पडली. दोन्हीकडची माणसे सारखीच कष्टाळू आणि हुशार होती. एका ठिकाणी पातळी रोज डोळ्यांना दिसत होती, दुसऱ्या ठिकाणी ती दिसत नव्हती.

माझी या शाळेला एक विनंती आहे. शाळेच्या आवारात एक जुनी विहीर आहे. तिच्यावर जाळी बसविली आहे, हे उत्तम झाले. त्या जाळीतून वजन बांधलेली एक फीत सोडावी आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी आठवीच्या वर्गाने पाण्याची खोली मोजून ती फलकावर लिहावी. त्याच्याशेजारी त्या दिवशीची आजव्याची पातळीही लिहावी. दहा वर्षांनी त्या नोंदींचा आलेख होईल, तीस वर्षांनी तो इतिहास होईल. याला पैसा लागत नाही, सातत्य लागते. आणि कुंपणापलीकडून कोणी येऊन विचारले की, तुमचे पाणी किती हातांवर आहे, तर या शाळेच्या मुलाला माझ्यासारखे निरुत्तर व्हावे लागणार नाही.